विजेच्या बरण्या

लोणच्याच्या बरणीतून वीज गाळून घेता येते, असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माहेरी वैरागला आमच्याकडे कंदील होते. काच पुसली, वात कापली, की संध्याकाळ झाली. सोलापुरात शुक्रवार पेठेत नांदायला आले, तर दोन खोल्यांत दोन विजेचे दिवे: एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. त्यांतली वीज मला दिसायची नाही, हीच मला मोठी भीती. साप निदान दिसतो तरी.

हे शाळेत मास्तर होते. मुलांना गणित शिकवायचे आणि घरी आले की रेडिओच्या मागे लागायचे. बदली होऊन गेलेल्या एका स्नेह्यानं आपला मोडका रेडिओ ह्यांच्या गळ्यात मारला, आणि तो दुरुस्त करायचाच, असा ह्यांनी पण केला. त्या काळी पेठेत रेडिओ ऐकलेली माणसंही थोडी. ह्यांनी तांब्याच्या टोकाची एक कांब करवून आणली. ती माझ्या शेगडीत लाल तापवायची, राळेत बुडवायची आणि कथलानं तारांचे जोड डागायचे. भाकरी तव्यावर आणि कांब निखाऱ्यात, असा आमचा संसार. राळेचा धूर डोळ्यांत गेला की मी बडबडायची, आणि हे म्हणायचे, “मुंबईचं गाणं ऐकशील तेव्हा म्हणशील, धूर गोड होता.”

खरी पंचाईत रेडिओला खायला घालायची होती. त्याला एक आम्लाची बॅटरी लागायची, ती सायकलीला बांधून मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे भरून आणायची. आणताना आम्ल हिंदकळायचं, म्हणून ह्यांच्या एकूण एक धोतराला भोकं. दुसरी कोरडी बॅटरी, विटेएवढी. ती मंदावली की हे तिला गच्चीवर उन्हात ठेवायचे. माझे सांडगे आणि ह्यांची बॅटरी शेजारी शेजारी वाळायची. उन्हानं ती चार दिवस बरी व्हायची आणि पुन्हा मान टाकायची.

मग वाचनालयातल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात ह्यांना उपाय सापडला. दिव्याच्याच विजेवर रेडिओ चालवायचा. ती वीज म्हणे उलटसुलट धावते, तिला एका दिशेनं चालायला लावायचं. त्यासाठी चार काचेच्या बरण्या, त्यांत टाकणखाराचं पाणी, प्रत्येकीत एक शिशाची आणि एक अॅल्युमिनियमची पट्टी. बरण्या सासूबाईंच्या लोणच्याच्या. अॅल्युमिनियमचं झाकण माझ्या रुखवतातल्या डब्याचं. बाहेरच्या खोलीतला दिवा काढून तिथून वायर खाली आणायची, ती बरण्यांना जोडायची. वीज सुरू केली की बरण्यांत बारीक फेस यायचा आणि गुणगुण ऐकू यायची. ती गुणगुण माझ्या कानात जेवतानाही असायची. मी सरळ सांगितलं, “अहो, मला ह्याची भीती वाटते.” तर म्हणाले, “वाटायलाच हवी. ज्याला भीती वाटत नाही त्यानं विजेला हात लावू नये.” ह्या उत्तरानं माझी झोप उडाली.

तसे हे निष्काळजी नव्हते. काम करताना कोरड्या लाकडी पाटावर उभे राहायचे, डावा हात पाठीशी धरायचे. वायरीत वीज आहे की नाही ते आधी एका छोट्या दिव्यानं तपासायचे. आणि मला त्यांनी एक नियम शिकवला. “मी चिकटलो तर मला हात लावायचा नाही. तूही चिकटशील. धावत जाऊन बटण वर करायचं, की वीज बंद.” दोन्ही दिव्यांची बटणं स्वयंपाकघरात होती. घरमालकाची वायर मागच्या भिंतीतून आलेली, म्हणून दारातून आत गेलं की लगेच, देव्हाऱ्याच्या बरोबर वर. नुसतं सांगून हे थांबले नाहीत, तालीमही घेतली. मी पीठ मळत असले की बाहेरून अचानक ओरडायचे, “चिकटलो!” मी पिठाच्या हातानं बटण वर करायची आणि हे हसत दारात उभे. सासूबाई म्हणायच्या, “पोरखेळ लावलाय निस्ता.”

सासूबाई वळसंगच्या. सोवळ्याच्या कडक आणि जिभेच्याही. बटणाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. संध्याकाळी दिवा मी लावायची, माझ्या चार दिवसांत हे लावायचे. त्या दिवसांत मी बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात, घोंगडीवर. पाणी वरून, ताट लांबून. स्वयंपाकघराचा उंबरा माझ्यासाठी बंद. इतकी तालीम झाली, इतकं हसणं झालं, पण ह्या चार दिवसांत बटणापर्यंत जाणार कोण, हा विचार आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. नियम मोठा शहाणा होता, फक्त महिन्यातले चार दिवस तो आंधळा होता.

रविवार होता. मी कोपऱ्यात घोंगडीवर वाती वळत बसले होते, त्या देवाच्या नव्हेत, बाहेरच्या चिमणीच्या; तिथला दिवा तर बरण्यांसाठी काढलेला. हे आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी पूजेला निघाले होते. आतून सासूबाई म्हणाल्या, “थांब जरा, फुलं निवडते.” तेवढ्या वेळात ह्यांची नजर बरण्यांकडे गेली. बरण्या गुणगुणत होत्या. सकाळपासून चालूच ठेवल्या होत्या. एका पट्टीची तार सैल झालेली दिसली. पाट पलीकडच्या भिंतीशी राहिला होता. ओली पावलं फरशीवर, केसांतून पाणी गळतंय, आणि हे वाकले. मी म्हटलं, “अहो, पाट.” म्हणाले, “नुसती दाबतो.”

हे ओरडले नाहीत. तालमीत प्रत्येक वेळी ओरडायचे, आता नाही. पाठ ताठ झाली, दोन्ही हात बरणीवर, आणि घशातून एक बारीक आवाज, भांडं घासल्यासारखा. मला वाटलं थट्टा करताहेत. देवाशपथ, क्षणभर मला रागच आला. मग हनुवटी थरथरताना दिसली.

मी उठले ते धावतच सुटले. “आई, बटण! बटण वर करा!” सासूबाई दारातच होत्या, एका हातात फुलांचं ताम्हण, दुसऱ्यात कळशी. बटण त्यांच्या डोक्याशी. त्यांनी वळून आधी मला पाहिलं. “आगं, आगं, शिवू नको! तितंच थांब!” हे त्या मुद्दाम म्हणाल्या नाहीत. उभ्या जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली. मग त्यांना माझ्या मागे मुलगा दिसला. कळशी हातातून सुटली. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. बटणापर्यंत तो उठेचना. दार अरुंद. मी त्यांना खांद्यानं ढकललं, सोवळ्यासकट भिंतीला लावलं, आणि बटण वर केलं. दोन्हीही केली, कुठलं कोणतं ते पाहायला शुद्ध कुणाला होती? बाहेर धपकन आवाज झाला. त्या आवाजाकडे वळायला मला धीर होईना. वाटलं, हे गेले.

हे पालथे पडले होते. सासूबाईंनी डोकं मांडीवर घेतलं, मी तळवे चोळायला लागले. ओली फरशी, फुटलेली बरणी, टाकणखाराचं पाणी, आणि आम्ही दोघी एकमेकींना चिकटून. ह्यांनी मोठा श्वास घेतला आणि रडायला लागले, लहान मुलासारखे. तेव्हा मीही रडले. सासूबाई मात्र रडल्या नाहीत. “अय्यो, शिवा” एवढाच देवाचा धावा पुटपुटत होत्या. तळव्यांवर काळपट डाग होते, ते कायमचे राहिले.

त्या दिवशी सासूबाईंनी नंतर आंघोळ केली, पूजा केली, स्वयंपाक केला आणि माझं ताट लांबूनच सरकवलं. मला त्या गप्प बसण्याचीच धास्ती. त्यांना ढकललं होतं, सोवळं मोडलं होतं, देवाच्या पुढ्यात पाऊल टाकलं होतं. माहेरी कळवतील, असं वाटायचं. आणि दुसरी भीती तर मुक्कामालाच आली होती. हात बरे झाल्यावर ह्यांनी नवी बरणी आणली. मी पाया पडले, भांडले, अबोला धरला. हे म्हणाले, “आता पाटावाचून हात लावणार नाही.” पाटाचा भरवसा मला किती होता, ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी गुणगुण सुरू झाली की मी हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभी राहायची. सासूबाईही माळ घेऊन तिथंच यायच्या.

पुढच्या महिन्यात माझी पाळी आली. सकाळी घोंगडी उचलून मी बाहेरच्या कोपऱ्याकडे निघाले.

“तितं नको,” सासूबाई म्हणाल्या. “हितं बस.”

त्यांनी बोट केलं ते स्वयंपाकघरात, दाराच्या आत, बटणाखाली. मला कळेना. म्हटलं, “आई, तिथं देव आहेत.”

“न्हाईत.”

मी वाकून पाहिलं. देव्हाऱ्याची कालपर्यंतची जागा रिकामी होती, फरशीवर तेलाचा डाग तेवढा राहिला होता. देव पलीकडच्या भिंतीशी, धान्याच्या कणगीजवळ, फळीवर मांडलेले.

“माजा हात उटला न्हाय त्या दिवशी,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “पुन्यांदाबी उटायचा न्हाय, मला ठावं हाय. तुजा उटतो. देवाचं काय, ते कुटंबी बसतेत. बटन हालवता येत न्हाय की.”

मी बटणाखाली घोंगडी अंथरली. बाहेर बरण्या गुणगुणायला लागल्या. सासूबाई चुलीपाशी, मी भिंतीशी, दोघींचे कान बाहेर.