सात नंबरचं कडं

संप मोडला, गिरणी गेली. बऱ्याच वर्षांनी शिवडीत एका गोदामामागच्या गवताच्या जमिनीवर राखणदार म्हणून लागलो. तिथे आधी खाडीचा चिखल होता. चर खणून पाणी काढलं आणि मग गवत माजलं.

कॉलेजातल्या एक मॅडम तिथे मातीतून निघणारा गॅस मोजायला यायच्या. पाणी काढलं की जुना गाळ कुजतो आणि हवेत गॅस सोडतो, असं त्यांनीच मला सांगितलं. जमिनीत रुंद पाइपाची, नंबर टाकलेली कडी पुरलेली. कड्यावर पेटी पालथी घालायची, ठरल्या मिनिटाला सुईने आतली हवा ओढायची, बाटलीत भरायची. घड्याळ मी बघायचो. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस वेळ चुकवत नाही.

बायको लालबागहून चालत माझा डबा घेऊन यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवो, गिरणीत तुमचो दम कोंडलो तेवा कोण मोजूक इलो नाय. आता मातयेचो दम मोजतत!" मॅडम हसल्या. मला लाज वाटली.

माझं जेवण झालं की ती डबा विसळायची आणि खरकटं पाणी गवतात ओतायची. रोज सात नंबरच्या कड्यात, कारण सावली तिथेच. मी बघायचो. त्यात काय मोठंसं, असं वाटायचं.

सात नंबर बाकीच्यांपेक्षा जास्त गॅस दाखवायला लागला. मॅडम चक्रावल्या. "काका, इथे कोणी काही टाकतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. खरं कळलं तर हिला आत येऊ देणार नाहीत, एवढीच भीती. दोन वर्षं खोटं रेटलं.

मग बायको गेली. चार दिवस तापाने फणफणली, संपलं. तेरावं करून कामावर आलो. काही महिन्यांनी मॅडम खुशीत म्हणाल्या, "काका, सात नंबर आला बघा लायनीवर! आता बाकीच्यांसारखाच."

मी तिथेच गवतात बसलो आणि रडलो. मग सगळं सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. वही काढली. सात नंबरचे दोन वर्षांचे आकडे एकेक करून खोडायला लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "खोडावेच लागतील, काका."

"खोडा," मी म्हटलं. "खोटं मी बोललो."

त्यानंतर काम सुटेपर्यंत सात नंबरपाशीच बसून जेवलो. डबा मात्र गोदामाच्या नळावर नेऊन विसळायचो. गवतात थेंब सांडू दिला नाही.