रुमालाखालचा हात

केमोच्या चौथ्या खेपेनंतर मला माणसांचा वास सहन होईनासा झाला. तेलाचा, घामाचा, भेटायला येणाऱ्यांच्या तोंडातल्या तंबाखूचा. सगळ्यांत जास्त किळस मात्र माझ्याच अंगाची येई. लघवीलासुद्धा औषधाचा वास. तोंडात फोड, पाण्याला गंजक्या खिळ्याची चव. त्यात आदिलाबादची थंडी. स्टीलचा पेला उचलला की बोटांत सुया घुसत, म्हणून बायको कोमट पाणी प्लास्टिकच्या मगात देई. अगदी संडासातल्या मगासारखा मग.

लोक खुर्ची जवळ ओढून उपाय सांगत. एक जण गोमूत्राची बाटली घेऊन आला. गुरांच्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला गोमूत्र! मी त्याला बाटलीसकट हाकलला.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांची जनावरं हाकता हाकता हा धंदा शिकलो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेजारच्याला काही कळत नाही. ही विद्या मीच धाकट्या भावाला शिकवली. आता तो माझ्या जागी उभा राहत होता आणि मला फोनवर सांगत होता, "दादा, तुमी आराम करा. मी पाहून राह्यलो ना." तो राग अजून गेलेला नाही. माझी जागा गरम होती तोवरच तो तिच्यावर बसला.

पाचव्या खेपेआधी थोडं बळ आलं तसा मी बाजारात गेलो. शेणाच्या ज्या वासावर घर बांधलं, तोच आता सोसवेना. एका गाडीमागे जाऊन ओकलो, तोंड पुसलं आणि तामसी गावच्या एका म्हाताऱ्याच्या जोडीपाशी उभा राहिलो. इतक्या वर्षांत तो भांडल्याशिवाय एक पैसा खाली आला नव्हता.

"जिता हायेस का?" तो म्हणाला.

"तुमची जोडी घेतल्याबिगर मरत नाई, काका. दात दाखवा."

दात पाहिले, खूर पाहिले. रुमाल पडला. त्याचा हात माझ्या हातात आला आणि मला काहीच कळलं नाही. औषधानं बोटं बधिर, जाड हातमोज्यात असल्यासारखी. त्यानं दोन दाबली की चार? पहिल्या आकड्याला मी नेहमी नकाराची मान हलवतो, तशी हलवली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा नुसत्या मुंग्या. मागे भाऊ उभा राहून पाहत होता. आज फसलो तर ही जागा कायमची त्याची, हे मला ठाऊक होतं.

म्हातारा तिसऱ्यांदा दाबू लागला. मी तर उलट आकडा दिलाच नव्हता. समोरचा बोट हलवत नसताना कोण आपणहून उतरतं? मी वर पाहिलं. त्याच्या तोंडावर काहीतरी मऊ, चिकट पसरलं होतं. त्याला माझी दया येत होती. ओकारीपेक्षा त्याची जास्त किळस आली.

मी रुमाल ओढून फेकला. "काऊन उतरून राह्यले, काका? मी मेल्यावर करा धर्म. भाव तोंडानं बोला!"

बाजारात तोंडानं भाव बोलणं म्हणजे चारचौघांत धोतर सोडणं. आजूबाजूचे आपापले सौदे सोडून वळले. भाऊ पुढे आला, "दादा, घरी चला." म्हाताऱ्याचं तोंड लाल झालं. त्यानं वाकून रुमाल उचलला, झटकला.

"धर्म करायले तू माहा जावई हायेस का? हाताले कळून नाई राह्यलं, तं सांगाले लाज वाटते. आण इकडं."

या वेळी त्यानं बोटं दाबली नाहीत, नखं रुतवली. एकेक करून. कळ थेट खांद्यापर्यंत गेली आणि आकडा समजला. दरोडाच होता, नेहमीसारखा. मी शिवी हासडली आणि माझा आकडा दाबला.

"हाड!" तो म्हणाला.

तोंडातले फोड फुटेपर्यंत भांडलो. जोडी घेतली. भावाशी वाटेत बोललो नाही.

पुढच्या खेपेला नागपूरच्या दवाखान्यातल्या नर्सनं बोटांवरच्या काळ्यानिळ्या खुणा पाहिल्या. "काका, हे कशानं झालं?"

"सौदा केला," मी म्हणालो.

तिनं त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. त्या वासानं मी तिच्या चपलांवरच ओकलो.