समिती हसली

शाळेच्या समितीत मी गेले ती समाजसेवेची हौस होती म्हणून नव्हे. सरकारचा आदेश आला की मुलांचा छळ, चिडवाचिडवी थांबवायला प्रत्येक शाळेत समिती पाहिजे, तक्रारपेटी पाहिजे आणि समितीत आयाही पाहिजेत. मुख्याध्यापकांनी पालकसभेत विचारलं, "कोण येणार?" बाकीच्या बायांनी पदर सावरला आणि खाली बघितलं. मी वर बघितलं, झालं! गावाचं नाव सांगत नाही. इंदापूर-बारामतीच्या मधलं आहे एवढं पुरे. माणसं आपलीच आहेत आणि मला तिथंच राहायचंय.

पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेटीला हार घातला, सगळ्यांचा फोटो काढून वर पाठवला. अध्यक्ष म्हणजे गावातले एक वयस्कर, भले गृहस्थ. त्यांना सगळे तात्याच म्हणतात. ते म्हणाले, "आपल्या शाळेत असलं काय न्हाय. पण सरकार म्हणतंय तर असू द्या." चहा झाला आणि आम्ही घरी आलो.

असलं काय न्हाय म्हणे! माझ्याच घरात आठवीतली पोरगी दिवाळीपासून कोमेजत चालली होती, आणि मला आईला पत्ता नव्हता. आमच्याकडं सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत. आता मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली, नवरा बारामतीच्या एमआयडीसीत लागला. पण वर्गातल्या एका पोराला तेवढं पुरलं. ही उत्तर द्यायला उठली की मागच्या बाकावरून "ब्यॅऽऽ". सर फळ्याकडं वळले की "ब्यॅऽऽ". आणि सगळा वर्ग खिदळणार. एका रात्री तिनंच हे सांगितलं. सांगताना रडली नाही, फक्त म्हणाली, "आजोबांना सांगू नको. त्यांना वाईट वाटंल."

मग एक दिवस म्हणाली, शाळेतच जायचं न्हाय. नवरा म्हणाला, "बारामतीला तुझ्या भावाकडं ठेवू, तिथल्या शाळेत घालू." माझं डोकंच सणकलं. खोड्या त्या पोरानं करायच्या आणि घर सोडायचं हिनं? हा कुठला न्याय? पण सकाळी दप्तर घेऊन ती दारात नुसती उभी राहायची, पाय उचलायचा नाही, ते बघवत नव्हतं. शेवटी घरात ठरलं की समितीनं काही केलं तर ठीक, नाहीतर जूनपासून बारामती. मी तक्रार दिली.

आमच्याकडं भांडण मिटवायची एकच रीत. दोघांना समोर बसवायचं, दोघांचं ऐकायचं, हातात हात द्यायला लावायचा आणि वर चहा पाजायचा. बांधाच्या भांडणाला ही रीत चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही. तात्यांनी तीच लावली. पोरीला आणि त्या पोराला समितीपुढं बोलावलं. मी म्हटलं, "तात्या, तक्रार करणाऱ्या लेकराला असं सगळ्यांपुढं उभं करायचं नसतं, आदेशातलं हे सरांनीच वाचून दाखवलं होतं." तर म्हणाले, "ताई, तू आज सदस्य न्हाय, पालक हाय. जरा दम धर."

दम धरला. पोरगा आला. एवढासा जीव, घामाघूम झालेला. तात्यांनी मायेनंच विचारलं, "काय करतो रे तू हिला?" त्यानं बाहीनं घाम पुसला. "भिऊ नको. करून दाखव. आमाला कळाया नको व्हय?" पोरानं एकदा मुख्याध्यापकांकडं बघितलं आणि जोरात काढला आवाज, "ब्यॅऽऽऽ!"

आणि समिती हसली.

आधी तात्या हसले, मग त्यांच्या शेजारचे, मग सगळेच. मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. आवाज होताच तसा हुबेहूब. पोराची भीती पळाली, तोही हसायला लागला. माझी पोरगी मात्र एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि मग तिनं मान खाली घातली.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती! मी उठले. आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटतं.

"सर, लिहा," मी मुख्याध्यापकांना म्हटलं.

"काय लिहू, ताई?"

"झालं ते. तक्रार करणारी मुलगी समोर उभी असताना समिती हसली. एवढं लिहा, खाली सगळ्यांनी सह्या करा. मी पण करते, मी बी समितीतच हाय."

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतीस?" तात्या म्हणाले. "सहज हसू आलं."

"तात्या, वर्गाला पण सहजच येतं."

तात्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. मग म्हणाले, "लिहा, सर." पहिली सही त्यांनीच केली. पोरीला म्हणाले, "चुकलं आमचं, बाळा." चहाचं नाव कुणी काढलं नाही.

घरी येताना तिनं विचारलं, "आई, बारामतीला कधी जायचं?" एवढं तोंड वाजवून शेवटी पोरीलाच मी चारचौघांत उभं केलं, असं वाटून रात्री भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला जा म्हटलं नाही. चाचणी होती म्हणून तीच गेली. संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगायला लागली. सरांनी वर्गात ते लिहिलेलं वाचून दाखवलं होतं. तात्याही आले होते. पोरांपुढं उभं राहून म्हणाले, "काल आमी हसलो. एवढी वयं झाली तरी हसलो. ते वाईट झालं."

"बरं झालं," मी म्हटलं.

"पण इतिहासाच्या तासाला त्यानं परत आवाज काढला."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "मग?"

"कुणी हसलंच न्हाय, आई. त्यानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग गप बसला. लई कसंतरी झालं त्याचं तोंड."

तव्यावरची भाकरी मी उलटली. भीत भीतच विचारलं, "मग मामाला काय कळवू?"

"कशाचं?"

"बारामतीचं."

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली.