घर्रमास्तर

मास्तर मशीन ऐकायचे ते हातानं. अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही सगळे मशीनच म्हणायचो. माझ्या दुकानात आले की स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी पाहावी तसे उभे राहायचे. मग निदान यायचं. "गजानन, तुह्या मशीनले आज कणकण वाटून राह्यली." बहुतेक वेळा ते खरं निघे. आतला एखादा काचेचा वॉल्व्ह ढिला झालेला असायचा, नाहीतर बॅटरीत पाणी कमी असायचं.

अमडापूरच्या बाजारगल्लीत माझी लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मास्तर धंद्यानं शिंपी. त्यांचं दुकान माझ्या समोरच होतं. पण 'मास्तर' ही पदवी त्यांना शर्ट-पायजम्यांनी नव्हे, बेंजोनं मिळवून दिली होती. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य. त्याच्या पोटात त्यांनी टेलिफोनच्या मोडक्या रिसीव्हरमधला एक तुकडा चिकटवला होता. त्याची वायर माझ्या मशीनला जोडायची आणि आवाजाची कळ पार शेवटापर्यंत पिळायची, एवढीच त्यांची रीत. मग जो आवाज निघे त्यावरून गावानं त्यांचं नाव घर्रमास्तर ठेवलं.

मी साफ आवाजाचा माणूस. लग्नात मंगलाष्टकांचं अक्षर न् अक्षर शेवटच्या पंगतीला कळलं पाहिजे, यात माझी अब्रू होती. मी हळूच कळ मागं घ्यायचो, ते पुन्हा पुढं न्यायचे.

"मास्तर, आवाज फाटून राह्यला ना!"

"फाटू दे. मी शिंपी आहो, फाटल्याले भेत नाही."

आवाज कसा आहे हे सांगायला त्यांच्याकडे सगळे शब्द चुलीवरचे होते. जिल्ह्यातली बहुतेक मशीनं त्यांनी कुठल्या ना कुठल्या मिरवणुकीत वाजवून पाहिली होती. चिखलीच्या एका मशीनला ते 'पाणी घातलेलं वरण' म्हणायचे. सोनाळ्याच्या मशीनमध्ये 'तिखट लय, मीठच नाही'. खामगावहून आलेलं एक मशीन त्यांनी दोन मिनिटांत बंद करायला लावलं. "हे दवाखान्यातलं जेवण आहे. पथ्याचं." माझं जुनं वॉल्व्हचं मशीन तेवढं त्यांना पसंत होतं. "हा ठेचा आहे. पाट्यावरचा. दाताखाली येते."

नुसत्या चवीवर ते थांबत नसत. मशीन बोटाशी कसं वागतं, हेही पाहायचं. "तार छेडली का हे आधी जरासं खाली बसते अन् मंग उठते. पैलवान उठते तसं. मले समजते का कोणी तरी आपलं आयकून राह्यलं."

मी अकोल्याहून नवं ट्रान्झिस्टरचं मशीन आणलं तेव्हा भांडण अटळच होतं. नवं मशीन हलकं, तापत नसे, आणि आवाज असा की गाणाऱ्यानं श्वास घेतलेलाही ऐकू यावा. मी ते मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवलं. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "घरी कोणी नाही वाटते."

चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक आठ दिवसांवर होती. बेंजो अर्थात मास्तरांचा. मशीन कोणतं, हे ठरवायला कमिटीची मंडळी बाजाराच्या दिवशी दुपारी माझ्या दुकानी आली. कमिटीचे प्रमुख शाळेचे गुरुजी होते. त्यांनी दोन्ही मशीनं ओट्यावर शेजारी शेजारी मांडायला लावली. "आधी जुनं वाजवा, मग नवं. उगाच वाद नको."

मास्तरांनी जुन्या मशीनवर पहिली तार छेडली. आवाज गल्लीत घुसला, आणि समोर सोडलेल्या गाडीची बैलजोडी दावं तोडून सरळ मिरच्यांच्या ढिगावर गेली. मिरच्या तुडवल्या गेल्या, खकाणा उडाला. बाजार शिंकायला लागला. गिऱ्हाईक शिंकतंय, दुकानदार शिंकतोय, गुरुजी शिंकता शिंकता हात हलवून 'बंद, बंद' म्हणताहेत. मास्तरांनी मात्र कडवं पुरं केलं, मगच हात उचलला.

"पाह्यलं?" ते डोळे पुसत म्हणाले. "जनावराले बी समजते."

"समजलं म्हणूनच पळाली," गुरुजी म्हणाले. "आता नवं."

नव्या मशीनवर मास्तर वाजवू लागले आणि मी चमकलो. एक सूर यायचा, टक्कन मरायचा. पुढचा यायचा, तोही मरायचा. मधे नुसती शांतता. गाणं ओळखीचं होतं, पण त्याचे मणी सुटे होऊन ओट्यावर पडत होते. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

"मास्तर," गुरुजी हसत म्हणाले, "टायपिंगच्या परीक्षेला बसता की काय?"

सगळे हसले. मीही हसलो. मास्तरांनी बेंजो पिशवीत घातला आणि समोरच्या दुकानात जाऊन दार ओढून घेतलं. आवाज साफ तरी आहे, म्हणत मंडळींनी नवं मशीन पक्कं केलं आणि तीही गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते काज करत बसले होते.

"मास्तर, काऊन असं झालं?"

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढं धरलं. "वाकवून पाह्य." मी पाहिलं. मधलं पेर हलत नव्हतं. शिलाई मशीनची सुई हाडातून गेली होती, बारा वर्षांपूर्वी. आम्ही इतकी वर्षं समोरासमोर बसलो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

"बेंजोचा सूर टिकत नाही बे. भराभरा छेडत राहा लागते, तवा तो लांबते. मह्या बोटानं ते होत नाही. मी एक डाव छेडतो. मंग तुह्यं जुनं मशीन तो सूर धरून ठेवते. दुसरा येईपर्यंत सोडत नाही." मग हलकेच म्हणाले, "लोकायले वाटते, मले घर्र आवडते."

"मंग आवडत नाही का?"

"आता आवडते ना," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

मी दुकानात येऊन नव्या मशीनचा नवा स्पीकर उघडला. सूर धरून ठेवायला आवाज फाटकाच हवा, आणि त्यासाठी स्पीकरचा आतला कागद फाडायला हवा, एवढं मला कळत होतं. हात मात्र धजेना. शेवटी मी पातं घेतलं तेव्हा मास्तर धावत आले. मला वाटलं, अडवतील. त्यांनी कानामागचा खडू काढला आणि स्पीकरच्या कागदावर चार बारीक खुणा केल्या. "इथं नको, इथून उसवत जाईन. इथं काप. सरळ." मी कापलं. माझ्या आयुष्यात मी एवढा नवा माल स्वतःच्या हातानं कधी खराब केला नव्हता.

मिरवणूक विहारापासून निघाली. मास्तरांनी एकदा छेडलं आणि सूर निघाला तो चौक ओलांडून गेला. पोरीबाळी, म्हातारेकोतारे, सगळे नाचले. बैल कमिटीनं आधीच गावाबाहेर बांधून ठेवले होते. गुरुजी माझ्या कानाशी येऊन ओरडले, "हे नवं मशीन ना?" मी म्हणालो, "हाव." त्यांनी एका कानावर हात ठेवला होता, पण पाय ठेका धरून होता.

पुढं मास्तरांचा मुलगा भुसावळला रेल्वेत लागला आणि त्यांना घेऊन गेला. तिथून कार्ड आलं: 'क्वार्टर चांगलं आहे. पाणी दोन वेळा येते. मशीन नाही म्हणून नुसताच वाजवतो. शेजारी काहीच बोलत नाहीत.' मी ते कार्ड चार-पाच वेळा वाचलं. त्या रविवारी तो कापलेला स्पीकर आणि त्याचं मशीन एसटीच्या टपावर बांधून भुसावळला नेलं, त्यांच्या खोलीत जोडून दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

वर्षभरानं ते गेल्याची तार आली. मधल्या काळात त्यांचं एकच कार्ड आलं होतं, मी परतल्यावर आठ दिवसांनी. त्यात तीन वाक्यं होती: 'मशीन उत्तम चालू आहे. दोन्ही बाजूचे शेजारी भांडून गेले. आता इथं करमते.'