भाऊजींच्या डाव्या काखेत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दिगंबर भाऊजी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतात आणि मी ट्रॉयला. मधे अर्ध्या तासाचा फ्रीवे आहे. मेहुणीला भाऊजींची थट्टा करायचा हक्कच असतो आणि तो मी इतकी वर्षं मनापासून बजावत आले आहे. भाऊजींनीही मला विषयाची टंचाई कधी भासू दिली नाही.

माणूस किती शूर, तर एकदा बेसमेंटमध्ये उंदीर निघाला तेव्हा वीणाताई झाडू घेऊन त्याच्यामागे धावत होती आणि हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून तिला दिशा सांगत होते. टोस्टर घेतला तरी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतात. गॅस बंद केला की नाही हे बघायला गाडी निम्म्या वाटेतून परत आणतात. अशा माणसाने साठी उलटल्यावर पिस्तूल विकत घेतलं.

निमित्त झालं व्हॉट्सअ‍ॅपचं. पलीकडच्या सबडिव्हिजनमध्ये एका देशी कुटुंबाचं घर फुटलं. मंडळी सुट्टीवर गेली होती, चोरांनी कपाटातलं सोनं नेलं. झालं, भाऊजींची झोप उडाली. ताईचं सगळं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. घरात चोरण्यासारखं काय, तर चार प्रेशर कुकर आणि महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाचे जुने पडदे. ते पडदे कुणी नेले असते तर ताईने त्याला वर चहा पाजला असता. मी तसं म्हटलंसुद्धा.

"प्रश्न सोन्याचा नाही, यामिनी," भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "आता उर्वी आपल्याकडे असणार आहे."

इथे मात्र थट्टा थांबवून सांगायला हवं. उर्वी म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक नैनाची मुलगी. नैना इथेच जन्मलेली, लहान मुलांच्या इमर्जन्सीत नर्स आहे. तिची रजा संपली की उर्वी दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार असं ठरलं होतं. त्यासाठी भाऊजींनी वेळेआधी रिटायरमेंट घेतली होती. नैना लहान असताना हे कायम कंपनीत नाहीतर विमानात. मुलगी कधी रांगली, कधी चालली, हे त्यांना ताईच्या फोनवरून कळलं. ती उणीव आता नातीत भरून काढायची होती. त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला रबर लावलं, प्रत्येक ड्रॉवरला कुलूप बसवलं, जिन्याला वर आणि खाली फाटक लावलं. चहाचा चमचा काढायचा तरी ताईला दोन खटके दाबावे लागत. आणि एवढ्या सुरक्षित घरात आणखी सुरक्षितता हवी म्हणून पिस्तूल आणलं.

नैनाने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आमच्याकडे कसली मुलं येतात तुम्हाला माहीत नाही. उर्वी घरात असेल तेव्हा ते सेफमध्ये. लॉक्ड. नो एक्सेप्शन्स. नाहीतर ती येणार नाही."

"ऑफ कोर्स!" भाऊजी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी कपाटात बोटाच्या ठशाने उघडणारी सेफ बसली. शब्दाला ते पक्के होते.

आता पिस्तूल घेतलं, क्लास केला, लायसन्स आलं. पण ते अंगावर ठेवायचं कुठे? कमरेला लावायचं तर तिथे आधीच पोट राहतं. बसलं की दस्ता पोटात रुतायचा आणि गाडी चालवताना सीट बेल्टचं बक्कल त्यावर आपटायचं. घोट्याला लावायचं तर चोर आल्यावर आधी वाकायचं, आणि वाकल्यावर उठायला ताई लागते. राहता राहिला खांदा. म्हणजे दोन्ही खांद्यांवरून पट्टे, आणि पिस्तूल डाव्या काखेत.

इथे भाऊजींमधला इंजिनियर जागा झाला. कारण या माणसाने उभा जन्म पट्ट्यांतच घालवला आहे. गाडीचे सीट बेल्ट. त्यांच्या विभागाचं नावच होतं फिट अँड कम्फर्ट. पट्टा मानेला घासता कामा नये, खांद्यावरून घसरता कामा नये, बाईला, पुरुषाला, जाड्याला, काटकुळ्याला सारखाच बसला पाहिजे. "पट्टा जाणवला की आम्ही नापास," असं ते पाहुण्यांना न विचारता सांगत. तेव्हा आता स्वतःच्या काखेसाठी ते काही कमी करणार नव्हते.

ताईने दुकानात यायला साफ नकार दिला, म्हणून मला नेलं. फ्रीवेच्या कडेला एक मोठं दुकान, काउंटरमागे पोटापर्यंत दाढी असलेला एक सज्जन गोरा माणूस. त्याने निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल काढलं आणि एक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं पट्टेवालं म्यान, भाऊजींच्या अंगावर चढवलं. पाठीवर पट्ट्यांची फुली होते, ती खांद्याच्या दोन फऱ्यांच्या बरोबर मधे सपाट बसली पाहिजे, मानेवर चढता कामा नये. एका काखेत पिस्तूल आलं की दुसऱ्या काखेत तेवढंच वजन हवं, म्हणून तिकडे जादा गोळ्यांची पाकिटं. खालून दोन पट्ट्या कमरेच्या बेल्टला अडकवायच्या, म्हणजे वाकलं की सगळं लोंबत पुढे येत नाही. दुकानदार समजावत होता आणि भाऊजी त्याला खांद्याच्या उताराबद्दल प्रश्न विचारत होते. थोड्या वेळाने दुकानदार मान हलवत ऐकत होता आणि भाऊजी समजावत होते.

मी मागे स्टुलावर बसून हा सोहळा बघत होते. दुकानदार मला अदबीने म्हणाला, "मॅम, जरा बाजूला बसता का? या प्रकारात नळी मागे असते."

म्हणजे पुढून येणाऱ्या चोरासाठी घेतलेलं हत्यार दिवसभर मागच्या माणसावर रोखलेलं. मी विचारलं, नळी खाली राहील असं नाही का मिळत? मिळतं, पण ते उंच माणसाला. भाऊजींची उंची लक्षात घेता नळी थेट मांडीवर आली असती. म्हणून आडवंच घेतलं. तेव्हापासून पटेल ग्रोसरीच्या रांगेत मी कधी त्यांच्या मागे उभी राहिले नाही.

पहिलं होल्स्टर नायलॉनचं होतं, त्याने काखेत घामोळं आलं. दुसरं कातड्याचं, पण चालताना नव्या कोल्हापुरीसारखं करकरायचं. लपवून ठेवायच्या वस्तूने असं वाजत यावं हे भाऊजींना पटेना. तिसऱ्याचे पट्टे रुंद, मऊ, खांद्याला आतून लोकर. ते घेतल्यावर घरात चाचण्या सुरू झाल्या. गोळ्या काढलेलं पिस्तूल काखेत ठेवून व्हॅक्यूम करायचं, लॉन कापायचं, जिना चढायचा, रिक्लायनरमध्ये झोपायचं. मग बक्कल एक भोक इकडे, पट्टा बोटभर तिकडे. ताई म्हणायची, "अहो, माझ्या एका ब्लाउजचं फिटिंग कधी एवढं बघितलं नाहीत!"

ते झाकायला वर जॅकेट हवं, तेही एक साइझ मोठं. जुलैच्या उकाड्यात भाऊजी जॅकेट घालून मेथी निवडायला दुकानात जात. काउंटरवरच्या मुलीने काळजीने विचारलं, "काका, ताप आहे का?" शिवाय पिस्तूल लावून जायला जागा तरी किती? देवळात चालत नाही, दवाखान्यात चालत नाही, आणि मंडळाचे सगळे कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, तिथेही चालत नाही. उरलं काय, तर किराणा, हार्डवेअरचं दुकान आणि आमच्याकडचं जेवण. मी म्हटलं, "भाऊजी, नाव दिगंबर आणि कपड्यांखाली काय लपवायचं याची एवढी चिंता!" ते हसले. त्यांच्यात हा गुण आहे, स्वतःवरचा विनोद ते दिलदारपणे ऐकतात.

सप्टेंबरपर्यंत फिटिंग जमलं. इतकं जमलं, की एका संध्याकाळी त्यांनी सेफ उघडली आणि ती रिकामी! चेहरा पांढराफटक. घर फुटलं, पिस्तूल गेलं, आता पोलीस बोलवा. ताईने कपाटं उपसली, मी ट्रॉयहून निघायच्या तयारीत फोन धरून उभी. शेवटी पोलिसांना फोन लावायला म्हणून भाऊजींनी खिशात हात घातला आणि कोपर कशाला तरी लागलं. पिस्तूल काखेतच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतकी शब्दशः खरी करणारा माणूस मिशिगनमध्ये दुसरा नसेल. ताई हसून हसून जमिनीवर बसली. आणि भाऊजी? त्यांची छाती फुगली. "बघितलंत? याला म्हणतात फिटिंग! अंगावर आहे हे कळलंच नाही." तो किस्सा मी दोन डोहाळजेवणांत आणि एका कोजागिरीला रंगवून सांगितला. प्रत्येक वेळी लोक डोळे पुसत हसले. नैनाला मात्र कुणी सांगितला नाही. तिला विनोद कळत नाही असं आम्ही म्हणायचो.

उर्वी त्यांच्याकडे यायला लागून महिना झाला होता. भाऊजींचं सगळं सुरळीत चाललं होतं. सकाळी नैनाची गाडी यायच्या आत सेफ बंद. मग दिवसभर उर्वी आणि ते. तिला खांद्यावर घेऊन ते खिडकीपाशी उभे राहात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं मॉडेल सांगत. तिला इतर कुणाच्या खांद्यावर झोप येईना. ताईला याचा थोडा रागही यायचा.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी फराळाला मदत करायला म्हणून सकाळीच गेले होते. भाऊजी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले, चकलीच्या सोऱ्याचा स्क्रू आणायला. ताईने आल्या आल्या त्यांच्या हातात सोऱ्या दिला, ते जॅकेटसकट ओट्यापाशी उभे राहून तो दुरुस्त करायला लागले. तेवढ्यात नैना उर्वीला घेऊन आत आली. उर्वीने आजोबांना बघून हात पसरले. भाऊजींनी सोऱ्या ठेवला, हात पुसले आणि तिला घेतलं. नेहमीसारखं, डाव्या खांद्यावर.

उर्वीने मान टेकवली आणि कुरकुरली. कूस बदलली, पुन्हा कुरकुरली. मग तिचा हात जॅकेटच्या आत गेला आणि बाहेर आला तो एक काळा पट्टा मुठीत धरूनच.

नैना बाटलीची पिशवी ठेवत होती. तिने पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. ओरडली नाही. इमर्जन्सीत बोलत असेल तशा अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, हलू नका."

"का गं, काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नैनाने आधी उर्वीची मूठ सोडवली, एकेक बोट, मग तिला उचलून घेतलं आणि दोन पावलं मागे गेली. तेव्हा भाऊजींनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"नैना, अगं मला कळलंच नाही. शप्पथ. मी विसरलो."

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलला असता तर मी भांडले असते. पण तुम्ही विसरलात. त्याच्यावर मी काय करू?"

तिने पिशवी उचलली, उर्वीला गाडीतल्या सीटमध्ये बसवलं, तिचे पट्टे लावले आणि गेली. कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता. गॅस कुणी बंद केला ते मला आठवत नाही.

उर्वी डे-केअरमध्ये जायला लागली. भाऊजींनी त्याच आठवड्यात पिस्तूल विकलं, होल्स्टर विकलं, सेफसुद्धा कपाटातून उचकटून काढली. दुकानदाराने कारण विचारलं तर म्हणाले, नातीला टोचतं. ताईने नैनाला फोन करून सगळं सांगितलं. नैना म्हणाली, "थँक यू, आई." पण डे-केअर बंद केलं नाही. दुपारी भाऊजी खिडकीशी उभे असतात, रस्त्यावरच्या गाड्यांची नावं आता मनातल्या मनात. मला त्यांच्यावर संताप येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

आता दर रविवारी तेच दोघं नैनाकडे जातात. परवा मीही बरोबर गेले. बेल वाजवायच्या आधी भाऊजींनी थंडीत जॅकेटची चेन खालपर्यंत उघडली. मला वाटलं, उकडत असेल. नैनाने दार उघडलं आणि उंबऱ्यातच बाबांना मिठी मारली. ती काही मिठ्या मारणारी मुलगी नाही, लग्नातसुद्धा तिने आम्हाला एका हाताने थोपटलं होतं. इथे मात्र तिने दोन्ही हात जॅकेटच्या आत घातले, काखेखालून पाठीवर नेले, मग सावकाश कमरेपर्यंत आणले. मला भरून आलं. म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. बाजूला ताईकडे बघितलं, तर ती शेजाऱ्यांच्या गॅरेजकडे बघत होती.

भाऊजी दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून, श्वास रोखून उभे होते.

"ओके," नैना म्हणाली, आणि मग तिने उर्वीला त्यांच्याकडे दिलं.