परतीचा बाण
बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटलं, की खाडीचा वास येतो आणि मला पेणच्या सरकारी दवाखान्यातला तो बाक आठवतो. क्षय आणि एचआयव्ही एकमेकांचा हात धरून कसे पसरतात, याचं गणित मी तेव्हा मांडत होते. माणसांच्या गटांचे चौकोन, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण. शेजारी मिठागरावर राबणारी एक बाई बसली होती. दोन्ही आजारांची औषधं घेत होती, आणि तिच्या पदराला तोच वास होता. तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं. "ह्या चौकोनात कोण?" मी म्हणाले, "बेपत्ता. औषध सोडून गेलेले." रजिस्टरात तिच्याही नावापुढे एक महिना हाच शेरा होता. "पत्ता हाय माझा," ती म्हणाली. "मीठ पिकतं तवा आगरावर, नाय तवा घरी. तिकडे गोळ्या संपल्या, महिना चुकला. पण आले ना परत?" त्या चौकोनातून एकच बाण निघत होता. "ह्यो कुठं जातो?" मी बाणाच्या टोकाशी लिहिलेला शब्द तिला वाचून दाखवला. तो मृत्यूकडे जात होता. "माघारी यायचा बाण काढ गो बाय. काढल्याशिवाय मी उठायची नाय." मी तो काढला, तेव्हाच ती उठली. पुढे आमचे सर म्हणाले, या बाणाने समीकरणं किचकट होतात, काढून टाक. मी म्हटलं, होऊ देत. आता माझे विद्यार्थीही तीच कुरकुर करतात. मी सांगते, बाण राहील. ज्याला गणित जमत नसेल, त्याने उठावं.