खिशात राहिलेली पिन

गाडी मेकॅनिककडे द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. केला मीच आणि पाळायचोही मीच. गॅरेजवाले घाईत असतात, नट अर्धवट कसतात, काढलेला वॉशर परत लावायला विसरतात, असं माझं ठाम मत होतं. ते मी कोणी न विचारताही सांगायचो. शाळेतले सहकारी शिक्षक त्यावरून माझी खूप थट्टा करत.

मोटरसायकल कागदावर माझी, पण चालवायची बायको. ती नर्स आहे. एटापल्लीहून रोज सकाळी जंगलातल्या उपकेंद्रावर जाते. जायला पाऊण तास लागतो, रस्त्यात खड्डे आणि समोरून येणारे खनिजाचे ट्रक. माझी शाळा पायी जाण्यासारखी. त्यामुळे तिची गाडी ठणठणीत ठेवणं हे माझं काम, असं मी ठरवून टाकलं होतं. तिने कधी नाही म्हटलं नाही.

त्या रविवारी मी अंगणात पोतं अंथरून बसलो. पावसाळ्यात मागच्या ब्रेकमध्ये गेलेला चिखल काढायचा होता. चाक उतरवलं, ब्रेक साफ केला, चेन धुतली, इंजिनातलं ऑइलही काढलं. आमच्या गल्लीत जळक्या ऑइलला तुपाइतका मान आहे. लाकडाला चोपडलं की वाळवी लागत नाही. त्यामुळे मी पाना हातात घेतला की कोणीतरी डबा घेऊन येतंच. त्या दिवशी शेजारचे भाऊ आले. ते वनरक्षक म्हणून निवृत्त झालेत.

"मास्तर, ऑइल काढून राह्यले का? मले ठेवजा थोडंसं. कुंपणाच्या खांबाईले लावतो."

मी तेव्हा शेवटचं काम करत होतो. मागच्या ब्रेकला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते, त्या पट्टीचा नट मी कसला होता आणि त्यात दोन पायांची बारकी पिन घालायची बाकी होती. ती पिन असली की नट आपोआप फिरून निघत नाही. नट निघाला तर पट्टी सुटते, आणि मग ब्रेक मारला की चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. भाऊंना ऑइल ओतून द्यायला उठलो, तेव्हा हरवू नये म्हणून पिन शर्टाच्या खिशात ठेवली. मग वाळवीवरून गोष्ट निघाली, चहा झाला, आणि मी हात धुऊन मोकळा झालो.

सोमवारी बायको गेल्यावर मी कपडे भिजवायला घेतले. खिसे तपासायची सवय आहे. पिन हाताला लागली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

फोन लावला तर ती कव्हरेजच्या बाहेर. तशाच ओल्या हातांनी भाऊंकडे धावलो. त्यांच्याकडे स्कुटी आहे. पिनेचं सांगितलं. त्यांनी चप्पल घातली आणि म्हणाले, "बसा मागं."

भाऊ आयुष्यात कधी तीसच्या वर गेलेले नाहीत, त्या दिवशीही गेले नाहीत. मागे बसून मी वाटेतला प्रत्येक खड्डा मोजत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो नट थोडा थोडा फिरताना मला दिसत होता. नाल्याच्या उतारावर मी त्यांना थांबवलं. उतरून दोन्ही बाजूंनी खाली वाकून पाहिलं. नुसतं गवत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत आलो आणि आपल्या माणसाच्या जिवाची पिन खिशात ठेवून झोपलो, असं स्वतःला ऐकवत मी परत स्कुटीवर बसलो.

उताराच्या पुढे फाट्यावर एक गॅरेज आहे. मी त्याची पायरी कधी चढलो नव्हतो. भाऊ म्हणाले, "इथी विचारून पाहू, बाई गेल्या का इकडून."

मिस्त्री टायर खोलत बसला होता. मी स्कुटीवरून उतरता उतरताच विचारलं.

"गेल्या ना सर, आत्ताच. मागच्या ब्रेकाची पिन नव्हती, मी टाकून देली."

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्या बाकड्यावर कळलं. मिस्त्रीने पाणी आणून दिलं.

"नट पक्काच होता," तो मला धीर देत म्हणाला. "पण या रस्त्यानं किती दिवस टिकते?"

"तुम्हाले कसं दिसलं?" मी विचारलं.

"पाहूनच देतो ना सगळं. तुम्ही गाडी खोलली का दुसऱ्या दिवशी बाई येतेतच. किती वर्षं झाले." मग त्याने जीभ चावली. "तुम्हाले सांगू नका म्हणे बाई."

भाऊ रस्त्याकडे बघत हसू दाबत होते. इतर कुठल्या दिवशी मी भडकलो असतो. माझ्यावर विश्वास नाही का, असं घरी जाऊन चार वेळा तरी विचारलं असतं. पण त्या दिवशी राग शोधूनही सापडेना. उलट त्या मिस्त्रीचे काळे हात धरावेसे वाटले, आणि मी ते धरलेही. तो बिचारा ओशाळला.

संध्याकाळी ती आली, तेव्हा मी दारातच होतो. म्हणालो, "फाट्यावर गेलो होतो."

ती हेल्मेट काढता काढता थांबली. "राग आला का?"

"नाई. भेव लागलं होतं," मी म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण म्हणालो एवढंच, "दर वेळेस दाखवत जाय त्याले."